अमावास्या-पौर्णिमा आणि हृदयविकाराचा झटका : संबंध आहे का, आणि असल्यास कोणता?

लालबागकर

काही वर्षांपूर्वीच्या आषाढ अमावास्येची गोष्ट आहे. पहाटे साडेचारच्या सुमारास वडील (तेव्हा वय ६८) अंथरुणावर उठून बसले. छातीत दुखते असे ते म्हणालेच नाहीत. जबडा आवळल्यासारखा वाटतो आणि पोटात जळजळ होते, एवढेच म्हणाले. पंखा पाचवर फिरत असूनही बनियन घामाने अंगाला चिकटले होते. आईने ओवा आणि गरम पाणी दिले. मी टॅक्सी बघायला निघालो, तेव्हा तिने मला दारातच अडवले. "आज अवस आहे. आज दवाखान्याची पायरी चढायची नाही. उद्या प्रतिपदा लागली की जाऊ." तिच्या माहेरची दोन माणसे अमावास्येला दवाखान्यात गेली होती आणि दोन्ही परत आली नव्हती, हा तिचा आधार होता.

साडेदहाला वडिलांना उलटी झाली, तेव्हा आईच म्हणाली की चला. तोवर पाऊस धरला होता. टॅक्सी परळला हिंदमाताजवळ तुंबलेल्या पाण्यात अडकली, चालकाने गल्ल्यांतून वाट काढली, आणि आम्ही रुग्णालयात पोहोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. वडील वाचले, पण हृदयाचे पंपिंग ३५ टक्क्यांवर आले आणि आज त्यांना दोन मजले चढताना मधल्या जिन्यावर थांबावे लागते.

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप गटावर एका नातेवाइकांनी लिहिले की, समुद्राला भरती येते तर रक्ताला का येणार नाही, शरीरात सत्तर टक्के पाणीच तर आहे. गटातील पाच-सहा जणांनी त्यावर हात जोडले. मला आईला दोष द्यायचा नाही. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: अमावास्या-पौर्णिमेला हृदयविकाराचे झटके वाढतात या समजुतीला काही पुरावा आहे का, आणि नसल्यास आयुष्यभर रुग्ण पाहिलेल्या माणसांनाही ती खरी का वाटते. कृपया चर्चा याच विषयावर ठेवावी.

निवृत्त_परिचारिका

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मीच आहे, म्हणून प्रथम लिहिते. मी मुंबईतील रुग्णालयांत ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यांतील बरीच वर्षे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता कक्षात रात्रपाळी केली. आमच्या कक्षात अमावास्येच्या रात्री पाळी बदलताना हमखास एक वाक्य म्हटले जाई: "आज अवस आहे, ट्रॉली भरून ठेवा." मग आपत्कालीन ट्रॉलीचा प्रत्येक खण उघडून ॲड्रेनॅलिन आणि ॲट्रोपिनच्या कुप्या मोजायच्या, शॉक देण्याच्या यंत्राची जेली आहे की नाही ते पाहायचे, सक्शन चालू करून बघायचे. खरे तर हे रोजच करायचे असते आणि आम्ही ते रोज करतही होतो. अमावास्येला मात्र दोनदा करायचो.

आणि त्या रात्री खरोखरच जड जात. एका रात्री पहाटेपर्यंत तीन जणांची छाती दाबावी लागली होती, ती रात्र मी विसरलेले नाही. ती अमावास्याच होती. हे विज्ञान आहे असा माझा दावा नाही. पण "तुम्हाला तसे फक्त वाटते" असे कोणी म्हटले की मला ते पटतही नाही.

गणिती_मुलुंड

ताई, तुम्हाला तसे फक्त वाटते असे मी म्हणणार नाही. जड रात्री असतातच, आणि त्या अमावास्येच्या आसपास येतातही. प्रश्न असा आहे की चंद्राचा काडीमात्र संबंध नसता, तर त्या किती वेळा तशा आल्या असत्या.

समजा, एका रुग्णालयात हृदयविकाराचे दिवसाला सरासरी चार रुग्ण येतात आणि प्रत्येक जण आपापल्या कारणाने, दुसऱ्याशी संबंध नसताना येतो. म्हणून रोज मोजून चार येतील असे नाही; एखाद्या दिवशी एक येईल, एखाद्या दिवशी आठ. अशा घटनांसाठी प्वासाँचे सूत्र वापरतात. त्याप्रमाणे एका दिवसात सात किंवा अधिक रुग्ण येण्याची शक्यता सुमारे ११ टक्के निघते, म्हणजे कोणतेही विशेष कारण नसताना महिन्यातले तीन दिवस जड जाणारच.

आता अमावास्या म्हणताना आपण आदला आणि दुसरा दिवसही तिच्याच खात्यात टाकतो ("अवस लागली होती", "अजून सुटली नव्हती"). पौर्णिमेचेही तसेच. साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासातले सहा दिवस, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा, असा आधीच राखून ठेवलेला असतो. तीन जड दिवसांपैकी निदान एक या सहांत पडण्याची शक्यता ४९ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे चंद्राने काहीही न करता, एक महिना सोडून एक महिना तुमच्या कक्षात "बघा, आज अवस होती" असे म्हणायची वेळ येणार होती. उरलेल्या महिन्यांतला जड दिवस षष्ठीला किंवा दशमीला आला असेल, आणि "आज षष्ठी आहे, ट्रॉली भरून ठेवा" असे कोणी म्हणत नसल्यामुळे त्याची आठवण अडकवायला खुंटीच नव्हती.

एक अवांतर पण उपयोगी मुद्दा. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातले १२ अंशांचे अंतर. ती १९ तासांचीही असू शकते आणि २६ तासांचीही. त्यामुळे रात्री आठ ते सकाळी आठ ही पाळी अमावास्येची की प्रतिपदेची, हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून सांगता येत नाही. तिथे सूर्योदयाची तिथी छापलेली असते. "ती रात्र अमावास्येची होती" या आठवणीतच एका दिवसाची सैल जागा आहे.

तारांगण

भरतीच्या युक्तिवादाचे उत्तर मी देतो, कारण तो ऐकायला फार पटणारा आणि आकड्यांत फार दुबळा आहे.

चंद्र समुद्राला ओढतो म्हणून भरती येते, हे अर्धेच खरे. भरती येते ती ओढीतल्या फरकामुळे: पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूला ओढ थोडी जास्त, पलीकडच्या बाजूला थोडी कमी, आणि दोन्हींमध्ये सुमारे १२,७०० किलोमीटरचे अंतर. एवढ्या अंतरावरही चंद्रामुळे होणारा फरक आपल्या वजनाच्या एक कोटीव्या भागाच्या घरातला असतो. महासागर अखंड आणि प्रचंड असल्यामुळे तो दिसून येतो. माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंतचे अंतर पावणेदोन मीटर. तेवढ्या अंतरावर हा फरक गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तीस लाख कोटी भागांपैकी एक भाग इतका उरतो. याउलट आपण नुसते उभे असताना पृथ्वीच्या स्वतःच्या ओढीत डोके आणि पाय यांमध्ये जो फरक असतो, तो चंद्राच्या फरकाच्या सुमारे पावणेदोन कोटी पट आहे. तो आपण जन्मभर सोसतो आणि त्याने कोणाला झटका आल्याचे ऐकिवात नाही.

दुसरे असे की, चंद्राची ओढ कलेवर अवलंबूनच नसते. अमावास्येचा चंद्र आणि अष्टमीचा चंद्र वजनाला सारखेच. अमावास्या-पौर्णिमेला सूर्याची ओढ चंद्राच्या रेषेत येते, एवढाच फरक. चंद्राचे अंतर मात्र खरोखर बदलते: जवळात जवळ सुमारे ३,५६,५०० किलोमीटर आणि लांबात लांब सुमारे ४,०६,७०० किलोमीटर. या दोन टोकांमध्ये भरती आणणारा जोर जवळजवळ दीडपट होतो. रक्ताला भरती येत असती, तर चंद्र जवळ आला म्हणून दवाखाना टाळायची रूढी पडली असती. तशी रूढी नाही, कारण चंद्र जवळ आलेला डोळ्यांना जाणवत नाही. नाहीसा झालेला मात्र जाणवतो.

प्रौढ माणसाच्या शरीरात पाणी सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास असते. अर्थात ते सत्तर असते तरी वरचे गणित तसूभरही हलले नसते.

वरळीचा_नाखवा

गणित मला कळत नाही, भरती कळते. आमच्याकडे साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे पाण्याला जोर नाही. अवस-पुनवेला उधाण, पण सर्वांत मोठे पाणी त्या दिवशी नसून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. मग "रक्ताच्या भरती"ला बीज-तिजेला माणसे जास्त दगावायला हवीत. तसे आमच्या कोळीवाड्यातही कोणी म्हणत नाही, आणि आम्ही तर पाण्यावरच जगतो.

आणखी एक. बाणगंगेचे तळे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. बाहेर कितीही उधाण असो, तळ्याच्या पायऱ्यांवर पाणी चढत नाही. तळ्याला जे होत नाही ते माणसाच्या अंगातल्या पाच लिटर रक्ताला कसे होईल, ते सांगा.

ठोका

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि पूर्व उपनगरात काम करतो. धाग्याचा मूळ प्रश्न पुराव्याचा आहे, म्हणून जे अभ्यास मला खात्रीने माहीत आहेत तेवढेच मांडतो.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील सात आपत्कालीन विभागांची १९८८ ते १९९८ अशी ११ वर्षांची नोंद तपासून २००३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडलेल्या रुग्णांची संख्या पौर्णिमेला वेगळी आढळली नाही. अमावास्येला ती इतर दिवसांपेक्षा सुमारे साडेसहा टक्क्यांनी कमी होती. कमी, हे लक्षात घ्यावे. म्हणून मी अमावास्या हृदयाला मानवते असे म्हणणार नाही. गणिती_मुलुंड यांच्या भाषेत, पुरेशा तिथी तपासल्या की एखादी वर किंवा खाली दिसणारच. तीस तिथी घेऊन प्रत्येकीला पाच टक्के चुकीची मुभा दिली, तर एक-दोन तिथी निव्वळ योगायोगाने "सिद्ध" होतात.

दुसरे उदाहरण २०१३ मधील आहे. अमेरिकेतीलच रोड आयलंड येथे महाधमनीचा पापुद्रा फाटल्यावर शस्त्रक्रिया झालेल्या २१० रुग्णांचा तो अभ्यास होता. पौर्णिमेनंतर चंद्र उतरत असताना शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू कमी आढळले आणि पौर्णिमेच्या काळातील रुग्ण लवकर घरी गेले. वर्तमानपत्रांनी त्याच्या बातम्या केल्या. दोनशे दहा रुग्ण चार कलांत आणि चार ऋतूंत वाटल्यावर एकेका कप्प्यात किती उरतात, आणि त्यांतले मृत्यू किती, याचा विचार केल्यास या निष्कर्षावर कोणी शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये हे लगेच कळते.

चंद्राच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पुरावा वेगळ्याच दिशेने येतो. हृदयविकाराच्या वेळेवर खरोखर परिणाम करणाऱ्या गोष्टी आपल्या नोंदवह्यांत अगदी सहज दिसतात. १९८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सकाळी नऊच्या सुमारास झटक्यांचे प्रमाण रात्री अकराच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट आढळले, आणि पुढे देशोदेशी तसेच दिसत गेले. उठताना रक्तदाब चढतो, कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन वाढते, रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) अधिक चिकट होतात. कारणेही कळली आहेत. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातील २,८३,०१४ झटक्यांची नोंद तपासली, तेव्हा नाताळच्या पूर्वसंध्येला धोका ३७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. लॉस एंजेलिस परिसरात १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे भूकंप झाला. त्या दिवशी हृदयविकाराने अचानक झालेले मृत्यू २४ होते, एरवीची रोजची सरासरी ४.६. सकाळ, सण आणि भीती यांचा ठसा ज्या प्रकारच्या नोंदींत इतका ठळक उमटतो, त्यांत चंद्राचा उमटू नये, यावरून त्याची ताकद काय असेल ते ठरवावे.

तुमच्या वडिलांना पहाटे साडेचारला त्रास सुरू झाला. त्या वेळेत मला अमावास्येपेक्षा पहाट अधिक दिसते.



चौकस_पार्लेकर

डॉक्टर, थोडा विरोध नोंदवतो. गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवू. चंद्राचा झोपेवर परिणाम होतो असे संशोधन आहे ना? आणि अपुरी झोप हृदयाला वाईट, हे तर आपणच सांगता. मग ती साखळी का जोडू नये?

ठोका

जोडता येईल, पण प्रत्येक कडी ओढून पाहावी लागेल. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ३३ जणांच्या झोपेच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा पौर्णिमेच्या आसपास गाढ झोपेच्या लहरी सुमारे ३० टक्क्यांनी कमी आणि एकूण झोप सुमारे २० मिनिटांनी कमी आढळली. पुढच्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांनी ४७० जणांच्या २,१२५ रात्री तपासल्या आणि त्यांना तसे काही सापडले नाही. २०२१ मध्ये अर्जेंटिनातील आदिवासी वस्त्या आणि सिॲटलमधील विद्यार्थी यांच्यात पौर्णिमेच्या आधीच्या रात्री माणसे उशिरा आणि कमी झोपतात असे दिसले. म्हणजे पहिली कडी वादग्रस्त आहे, पण पूर्ण तुटलेली नाही. वीस मिनिटे कमी झोपेमुळे झटक्यांची संख्या मोजता येईल इतकी वाढते, ही दुसरी कडी मात्र अजून कोणी घडवलेली नाही. शिवाय ही साखळी पौर्णिमेची आहे. आपल्याकडची भीती अमावास्येची.

चंद्र माणसे मारू शकतो याचे एक बरे उदाहरणही देतो. १९७५ ते २०१४ या काळातील अमेरिकेच्या नोंदींत पौर्णिमेच्या रात्री मोटारसायकलचे प्राणघातक अपघात सुमारे ५ टक्क्यांनी अधिक आढळले. अभ्यासकांनी त्याचे स्पष्टीकरण ओढीत शोधले नाही. मोठा चंद्र दिसला की चालकाची नजर रस्त्यावरून हटत असावी, असे त्यांनी सुचवले. कारण असे डोळ्यांसमोरचे असू शकते.

निवृत्त_परिचारिका

मी दोन दिवस विचार करत होते. गणिती यांचा हिशेब मला पटला, पण पूर्ण नाही, आणि आता त्याचे कारण सापडले आहे असे वाटते.

अमावास्येच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरी सोडण्यासाठी रांग लागायची. "उद्या अवस आहे, आजच सोडा." आणि प्रत्यक्ष अमावास्येला कोणी घरी जायला तयार नसायचे, कारण त्या दिवशी आजारी माणूस घरात घ्यायचा नाही. ठरवलेली अँजिओग्राफी पुढे ढकलायची, पेसमेकर पुढे ढकलायचा. म्हणजे त्या दिवशी कक्षात कोण उरत असे? ज्यांना हलवताच येत नव्हते असे, आणि रात्री दाखल होणारे ते, ज्यांना घरच्यांनी सकाळपासून "आजचा दिवस काढू" म्हणून थांबवले होते आणि मग थांबवणे शक्य राहिले नव्हते. साधा रुग्ण नाही, फक्त गंभीर रुग्ण. मग ती रात्र जड जाणार नाही तर काय होईल?

प्रतिपदेला सकाळी तर बाह्यरुग्ण विभागात पाय ठेवायला जागा नसायची. आम्ही त्याला "अवस फुटली" म्हणायचो.

गणिती_मुलुंड

ताई, हे मला सुचले नव्हते आणि माझ्या पोस्टपेक्षा हे फार मोलाचे आहे. माझ्या हिशेबात प्रत्येक रुग्ण आपापल्या कारणाने येतो असे मी गृहीत धरले होते. तुम्ही दाखवलेत की इथे सगळे जण एकच दिनदर्शिका पाहून येतात. मुंबईतील एखाद्या रुग्णालयाच्या दाखल-नोंदींवरून उद्या कोणी अभ्यास केला, तर त्यात तिथीचा परिणाम दिसूही शकेल. पण तो झटका येण्याच्या वेळेचा नसेल, दारात पोहोचण्याच्या वेळेचा असेल. त्रास सुरू झाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने नसतील, तर असा अभ्यास चंद्राच्या नावावर आपलेच वागणे मोजेल.

ठोका

सिस्टर, याला जोडून एक. आपल्याकडे सणसुद्धा चंद्रावर टांगलेले आहेत. आषाढ अमावास्येला गटारी: मटण, दारू, आणि दुसऱ्या दिवशी छातीत धडधड घेऊन आलेले चाळिशीतले पुरुष. अतिमद्यपानानंतर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हे १९७८ पासून वैद्यकात नोंदलेले आहे. आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजन, म्हणजे फटाक्यांचा धूर आणि तळण. कोजागरीला जागरण आणि आटीव दूध. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणारे रुग्ण रक्तदाबाची सकाळची गोळीही "उपास आहे" म्हणून सोडतात. मुंबईत संकष्टीचा चंद्र रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास उगवतो, तेव्हा हिशेब करा. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण मात्र टाळणारे त्याहून धोकादायक अवस्थेत येतात. अशा सणांच्या आकड्यांत तिथीचा वाटा किती आणि थाळीचा किती, हे सुटे करणे सोपे नाही.

आणि भीतीबद्दल. २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता की अमेरिकेतील चिनी आणि जपानी वंशाच्या लोकांमध्ये महिन्याच्या ४ तारखेला हृदयविकाराचे मृत्यू वाढतात, कारण त्यांच्या भाषांत "चार"चा उच्चार "मृत्यू"सारखा आहे. कल्पना मोहक होती. पुढे हाँगकाँगच्या नोंदींत, जिथे तीच भाषा आणि तीच भीती आहे, तसे काही आढळले नाही. म्हणून अमावास्येच्या नुसत्या भीतीने झटका येतो असेही मी म्हणणार नाही. भीतीमुळे माणूस घरी बसून राहतो, हे मात्र दर महिन्याला पाहतो.

वरळीचा_नाखवा

लालबागकर, तुमची टॅक्सी हिंदमाताला अडकली म्हणालात. किती वाजले होते?

लालबागकर

अकराच्या थोडे पुढे. का?

वरळीचा_नाखवा

अमावास्येला भरती बाराच्या आगेमागे. अकराला पाणी चढतेच होते. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असली की महापालिका त्या दिवसांची यादी आधीच जाहीर करते, ती उगाच नाही. आपल्या पर्जन्यवाहिन्यांची तोंडे समुद्रात आहेत. उधाणाला समुद्र वाहिनीच्या तोंडाच्या वर येतो, दारे बंद करावी लागतात, आणि तेवढा वेळ आतले पाणी बाहेर जाण्याचा मार्ग फक्त पंप. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर इथली उदंचन (पंपिंग) केंद्रे त्यासाठीच बांधली. त्या दोन-तीन तासांत जोराचा पाऊस लागला की बशीसारखी सखल जागा भरणारच. परळचा हिंदमाता, किंग्ज सर्कलचे गांधी मार्केट, अंधेरीचा भुयारी मार्ग. अलीकडे हिंदमातासाठी जमिनीखाली टाक्या बांधल्यापासून बराच फरक आहे, तरी उधाण आणि ढगफुटीसारखा पाऊस एकत्र आले की कोणाचे चालत नाही.

म्हणजे तुमच्या वडिलांना चंद्राने त्रास दिलाच. रक्ताला नाही, टॅक्सीला.

तारांगण

नाखवा, मी मान्य करतो. भरतीची ताकद शरीरात शोधत होतो, ती रस्त्यावर होती.

चौकस_पार्लेकर

मग व्यावहारिक प्रश्न. त्या दिवशी साडेचारलाच निघाले असते, तर किती फरक पडला असता?

ठोका

एका रुग्णाबद्दल ठामपणे सांगणे योग्य नाही. सर्वसाधारणपणे सांगतो. रक्तवाहिनी बंद झाल्यापासून स्नायू मरायला सुरुवात होते आणि सर्वाधिक नुकसान पहिल्या काही तासांत होते. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सर्वांत चांगले काम करते. बारा तासांनंतर त्याचा फायदा फारसा उरत नाही. रुग्ण अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयाच्या दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत वाहिनी उघडावी, असा आमच्यावर दंडक आहे आणि त्यासाठी आम्ही मिनिटे मोजतो. लालबागकर, तुमचे सव्वासात तास दाराच्या बाहेर गेले. पहाटे साडेचारला मात्र अमावास्येचे पाणी उतरलेले असते, भरती मध्यरात्री होऊन गेलेली असते, आणि रस्ते रिकामे असतात.

जबडा आवळणे, घाम, वरच्या पोटात जळजळ, विशेषतः मधुमेह असलेल्यांना आणि स्त्रियांना, हीसुद्धा झटक्याची लक्षणे असतात. अशा वेळी ओवा देऊन वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि ईसीजी काढावा.

लालबागकर

सर्वांचे आभार. काल रात्री हा सगळा धागा मी आईला वाचून दाखवला. तारांगण यांची गणिते तिने ऐकून घेतली, पण त्यांवर काही बोलली नाही. सिस्टरांची "अवस फुटली" ही पोस्ट आली तेव्हा तिने मला थांबवले आणि ती पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाली, "माझा भाऊसुद्धा सकाळपासून म्हणत होता, छातीत कसेतरी होते. आम्ही संध्याकाळी नेला."

तिच्या माहेरच्या त्या दोन माणसांपैकी हा एक. तो सकाळपासून घरी होता, हे आजवर कधी गोष्टीत आलेच नव्हते. दुसऱ्या माणसाबद्दल मी विचारले, तर तिला एवढेच आठवते की बैलगाडीने तालुक्याला नेले होते.

वडिलांची फाइल काढून पाहिली. पहिल्या पानावर त्रास सुरू झाल्याची वेळ ४.३० आणि दाखल होण्याची वेळ ११.४५ अशी लिहिलेली आहे, दोन्ही एकाच हस्ताक्षरात. गणिती म्हणतात ते दोन रकाने तिथे आहेत. फाइल आता देव्हाऱ्याखालच्या खणातून काढून फोनशेजारी ठेवली आहे, आणि वरच्या कोपऱ्यात आईने स्वतःच्या हाताने १०८ लिहिले आहे.